भिंतीची तहान

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मध्येच तोंड घालायला नको. भिंत मी बिघडवली. याच दोन हातांनी, बादल्यांवर बादल्या ओतून, नऊ दिवस. आणि वर लेकीला फोनवर सांगत होते, "सगळं ठीक आहे गं, तू तुझं काम कर."

माझं नाव कोकिळाबाई तायडे. नाव कोकिळा आणि आवाज काँक्रीट मिक्सरचा, असं आमचे मिस्त्री म्हणतात. मिस्त्री म्हणजे माझा नवरा, सुपडू तायडे. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. पस्तीस वर्षं ते भिंती बांधत आले आणि मी त्या भिंतींना पाणी मारत आले. सोपं वाटतं ना? पाइप धरला की झालं! अहो, सिमेंटला पाणी मिळालं नाही तर ते ताकदच धरत नाही. सकाळ-संध्याकाळ मारायचं, उन्हाळ्यात दुपारीही, आणि गोणपाट ओलं करून खांबांना गुंडाळायचं. सात दिवस, दहा दिवस, कधी चौदा. जळगावातल्या निम्म्या इमारती माझ्या हातचं पाणी पिऊन उभ्या आहेत. पाटीवर नाव आर्किटेक्टचं असतं, असू दे बापडं.

आमची एकुलती एक मुलगी संघमित्रा. घरात मित्रा. अर्धवट बांधलेल्या जिन्यावर बसून तिने अभ्यास केला आणि पुढे पुण्यात मोठ्या प्रयोगशाळेत बांधकामाच्या वस्तूंवर संशोधन करायला लागली. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार चाळीस साली, सगळं सोडून परत आली. कुठे, तर आमच्या तापीकाठच्या हिंगणखेड्याला. गावाबाहेर केळीची एक जुनी वखार होती, पिकायला केळी ठेवायची तिथे. ती तिने साफ केली आणि आत यंत्रं मांडली. मी म्हटलं, पोरीचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं. ऊन फिरलं होतं. आमच्याकडे मार्चपासूनच आता पारा पंचेचाळीसच्या वर असतो. मे महिन्यात सकाळी अकराला भोंगा वाजतो आणि तापबंदी लागते. पाचपर्यंत कुणी घराबाहेर पडायचं नाही, रस्त्यावर गाडी काढायची नाही, रुग्णवाहिकासुद्धा अगदी जिवावर बेतलं तरच. गावचं उपकेंद्र पत्र्याचं, म्हणून उन्हाळ्यात बाळंतपणं बंद. बाईला कळा लागल्या की अडतीस किलोमीटर तालुक्याला न्यायचं. त्यातही भोंग्याच्या आधी कळा लागल्या तर! पोटातलं बाळ काय घड्याळ बघून येतं?

मित्राला गावासाठी प्रसूतिगृह हवं होतं. वीज असो-नसो, आत गार राहील असं. आणि ते कशाचं बांधायचं? तर म्हणे केळीचं.

मी पोट धरून हसले होते तेव्हा. मग तिने मला वखारीत बसवून समजावलं.

"आई, केळीला घड एकदाच येतो. घड कापला की खांब तोडून बांधावर टाकतात, बरोबर? एवढ्या मोठ्या पट्ट्यात दरवर्षी किती खांब कुजत असतील! त्या खांबात लांबच लांब धागे असतात. एकेक धागा आतून पोकळ, बारीक नळ्यांचा जुडगा. मुळातलं पाणी पार पानापर्यंत चढतं ते त्यातूनच."

"ते मला माहीत आहे. विळा लावला की अंगभर चीक उडतो."

"हां. तर हे धागे एक. दुसरी राख. बंद पडलेल्या वीजकेंद्रामागे राखेचे डोंगर उभे आहेत, वारा सुटला की आपल्या भाकरीवर येते ना ती. तिसरा, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, बारीक दळून. आणि या सगळ्याला धरून ठेवायला चुना. चुना म्हणजे काय? भाजलेला दगड. त्याला पुन्हा दगड व्हायचं असतं. त्यासाठी तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. म्हणजे ही वीट भट्टीत भाजायची नाही, तिच्यात सिमेंट घालायचं नाही. ती नुसती हवेत ठेवायची. हवा खात खात ती पक्की होते."

मातीच्या भट्ट्या तर सरकारने कधीच बंद केल्या होत्या, आणि सिमेंट गावखेड्यात मिळायची मारामार. म्हटलं, बरं आहे. पण मनात एक किडा वळवळत राहिला. हवा खाऊन भिंत पक्की होते? पाण्याशिवाय?

परीक्षा घ्यायला आले ते बांधकाम खात्याचे फालक साहेब. कोरडा माणूस. चहा दिला तर पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळून ठेवतील, पण चांगला झाला म्हणायचे नाहीत. त्यांनी अट घातली: बारा बाय पंधराची एक खोली बांधून दाखवायची. भिंतीला एक भेग नको. आणि एकतीस मेच्या आत, भर तापबंदीतल्या एखाद्या दिवशी, कूलर-एसी न लावता आतला पारा पस्तीसच्या खाली राहिला पाहिजे, दिवसभर. जमलं तर हिंगणखेड्याला याच विटांचं दहा खाटांचं प्रसूतिगृह. नाही जमलं तर मंजुरी तालुक्याला जाणार आणि ही वीट कायमची बाद.

जानेवारीत मिस्त्रींनी खोली बांधली. ओळंबा धरून, एकेक थर सरळ रेषेत. त्या वेळी रुबिना तडवी आमच्याकडे धागा काढायच्या मशीनवर होती. पाचवा महिना तिचा. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "मावशी, माझं बाळंतपण इथंच करायचं हां! मी नाही त्या अडतीस किलोमीटरच्या खड्ड्यांतून जाणार." आम्ही सगळ्या हसलो. ती मात्र हसली नाही. तिचं पहिलं बाळ त्याच रस्त्यात गेलं होतं, हे मला मागाहून आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

खोली झाली आणि मित्राला विटांचे नमुने घेऊन दहा दिवस पुण्याला जावं लागलं. जाताना तिने भिंतीवर पाटी लावली: पाणी मारू नये. मला म्हणाली, "आई, एकवीस दिवस थेंबसुद्धा नको. राखणीला तुला बसवतेय, कारण दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

आता सांगा, पस्तीस वर्षं पाणी मारलेल्या बाईला कोरड्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसवायचं! पहिल्या दिवशी मी बघत राहिले. भिंत पांढरटफटक. बोट लावलं तर भुकटी. वरून वारा सुटलेला, ऊन तापलेलं. मला जेवण जाईना. माझ्या लेकीची भिंत, जिच्यासाठी ती चार वर्षं झिजली, ती अशी घसा कोरडा करून उभी? पाटीचं म्हणाल तर पाट्या मजुरांसाठी असतात. आईला कुठे लागू होतात?

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी बादली भरली.

आणि काय प्यायली हो भिंत! सुं-सुं आवाज करत प्यायली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग रोज सकाळ-संध्याकाळ. मित्राने भिंतीत केसासारख्या तारा बसवल्या होत्या, ओल आणि ताप मोजून तिच्या फोनवर कळवणाऱ्या. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आई, तारा ओल दाखवताहेत. कुणी पाणी मारलं का?"

"कोण मारणार? मी बसलेय ना इथं!"

खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तिने थांबवलं असतं, आणि मग भिंत कच्ची राहिली असती, असा माझा हिशेब. तिच्या भल्यासाठीच सगळं चाललं होतं. पुढे जरा थंडी-ऊन झालं, दुपारी भिंत वाळायची, मी सकाळी पुन्हा भिजवायचे. आठव्या दिवशी खिडकीखाली एक भेग दिसली. म्हटलं, पाणी कमी पडलं. आणखी दोन बादल्या ओतल्या!

मित्रा आली तेव्हा भिंतीवर भेगांचं जाळं होतं. पोरगी दारातच थबकली. किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीला कान लावून उभी राहिली आणि मग ओट्यावर बसली.

"जमिनीतून पाणी ओढतेय वीट," ती मिस्त्रींना म्हणाली. "धागा पाण्याने फुगतो, वाळला की आकसतो. चुना अजून दगड झालेला नाही, तो कच्चा आहे, त्याला हा ताण सहन होत नाही. म्हणजे मुळातच चूक आहे, बाबा. कोणत्याही गावात पाया ओला असणारच. माझी वीट कुठेच चालणार नाही."

मी मागे उभी. तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी फालक साहेब आले. गावातले चार गवंडीही जमले होते, आमच्याच बरोबरीचे. साहेबांनी भेगांत पट्टी घालून मोजमाप घेतलं. मित्राने स्वतःहून सांगायला सुरुवात केली, "साहेब, विटेत दोष आहे, मी अहवालात तसं लिहून देते..."

"काही दोष नाही विटेत!" माझा मिक्सर सुरू झाला. "पाणी मी मारलं. नऊ दिवस. दोन वेळा. शेवटी शेवटी तीन वेळा. विचारलं तेव्हा खोटं बोलले. लिहायचं तर माझं नाव लिहा."

गवंड्यांतला एक जण खाली बघत होता, पाटी वाचूनही मी पाणी मारलंच असतं, असा त्याचा चेहरा. मित्रा माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू?" एवढंच म्हणाली आणि वखारीत निघून गेली.

फालक साहेबांनी पट्टी खिशात ठेवली. "बाई, तुम्ही खरं बोललात हे ठीक. पण एक सांगा, या राज्यात भिंतीला पाणी मारणाऱ्या बाया किती?"

"असतील की लाखभर."

"मग प्रत्येक भिंतीपाशी पोलीस बसवायचा का? तुम्ही आई असून ऐकलं नाहीत. बाकीच्या का ऐकतील?" मग म्हणाले, "अटीत एक खोली लिहिली आहे. पहिली खोली असं लिहिलेलं नाही. मुदत एकतीस मेची आहे."

तीन दिवस मित्रा माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं की जेवायची, पाणी मागायची तेसुद्धा बाबांकडे. मिस्त्रींवर मी डाफरले, "तुम्हाला बादलीचा आवाज येत नव्हता का सकाळी?"

"येत होता की."

"मग बोललात का नाही?"

"म्हटलं, मारतेय ते बरंच आहे," मिस्त्री म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. काय करावं या माणसाला!

चौथ्या दिवशी मी वड्यांसाठी हरभऱ्याची डाळ भिजत घालत होते. मित्रा स्वयंपाकघरात आली, हातात फुटक्या विटेचा तुकडा. उंबऱ्यावर बसली. मीच तोंड उघडलं. रागावलेच होते मीही. "पाटी लावलीस, पाणी मारू नये. का मारू नये ते कुठे लिहिलंस? मला काय अडाणी समजतेस? कारण सांगितलं असतंस तर मी शंभर बादल्या परत फिरवल्या असत्या!"

हातातला तुकडा फिरवत ती म्हणाली, "खरंय. नाही सांगितलं."

"चुकलेच गं मी पण," मी म्हटलं. "खोटं बोलायला नको होतं. माझ्यामुळे तुझं चार वर्षांचं..." ती उठून आली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. दोघी रडलो, अगदी नाक ओढत. डाळीचं पातेलं तसंच हातात.

मग डोळे पुसून तिने विचारलं, "आई, ही डाळ आत्ताच का भिजवतेस?"

"कोरडी डाळ खाल्ली तर पोटात जाऊन फुगेल. आधी बाहेर काय फुगायचं ते फुगू दे." आणि बोलता बोलता माझ्या हातातलं पातेलं थांबलं. "मित्रा, तू तो धागा विटेत कोरडाच घातलास का?"

"हो. वाळवून, एकदम कोरडा."

"आणि आम्ही लाल वीट कधी कोरडी लावली का? हौदात बुडवून लावतो. कोरडी लावली तर ती सांध्यातलं पाणी पिते आणि सांधा मरतो. हौदात टाकली की तिच्यातून बुडबुडे निघतात. बुडबुडे थांबले की तिचं पोट भरलं. मगच ती भिंतीत जाते. तुझा धागा उपाशी पोटी भिंतीत गेला, म्हणून मिळेल ते पाणी पीत सुटला."

मित्राने विटेचा तुकडा खाली ठेवला. "आई, पुन्हा बोल. बुडबुड्यांचं पुन्हा बोल."

त्या दिवसापासून मी तिच्या वखारीत रुजू झाले. हसू नका, खरंच रुजू झाले, रजिस्टरात नाव आहे. धागा चुन्याच्या निवळीत बुडवायचा. किती वेळ? मित्राची यंत्रं मोजायची आणि मी हौदाच्या काठावर बसून बुडबुडे बघायचे. शेवटचा बुडबुडा गेला की "झालं" म्हणायचे. सुरुवातीला तिचे सहकारी गालातल्या गालात हसत. पाचव्या वेळी यंत्राचा आकडा आणि माझं "झालं" एकाच मिनिटाला आलं, तेव्हा त्यातल्या एकाने माझ्यासाठी खुर्ची आणली.

काय होतं ते तिने मला सांगितलं. आता ती मला प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होती, कंटाळा येईपर्यंत. धागा निवळी पिऊन पूर्ण फुगतो. मग तो हवेत वाळवला की प्यायलेला चुना धाग्याच्या कडेने दगड बनतो. धाग्याला दगडाचं चिलखत मिळतं. त्यामुळे पुढे कितीही पाणी मारलं तरी तो फुगत नाही. पण मधली नळी मोकळीच राहते. असे धागे घातलेली वीट पाणी पिते, भेगाळत नाही.

मार्चमध्ये मिस्त्रींनी दुसरी खोली बांधली. पाटी नव्हती. मी भर चौकात सांगितल्यासारखं मोठ्याने विचारलं, "मित्रा, मारू का पाणी?"

"मार!"

मी पाइप सोडला. भिंत सुं-सुं करत प्यायली. वाळली. पुन्हा मारलं. पुन्हा वाळली. पंधरा दिवस हाच खेळ. मित्रा भिंग घेऊन इंच न् इंच बघायची. एक भेग नाही. राख असल्यामुळे ओलीने चुना उलट जास्तच घट्ट झाला होता.

एप्रिलमध्ये आणखी एक गंमत कळली. बाहेर त्रेचाळीस, आणि खोलीत शिरलं की अंगावर काटा यावा असा गारवा. मित्रा तारांचे आकडे तीन-तीनदा तपासत होती. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? माठ आहे हा. पाणी पितोय आणि अंगातून सोडतोय. ओल उडते तेव्हा ताप घेऊन जाते." ती डोक्याला हात लावून हसत सुटली. चार वर्षं ती बाहेरची उष्णता अडवायला बघत होती आणि भिंतीला फक्त पाणी प्यायला हवं होतं. मग तिने भिंतीच्या माथ्यावर बारीक नळी टाकली, छोटा पंप लावला. घराघरांतलं धुण्या-अंघोळीचं पाणी गाळून हौदात घ्यायचं, पंप ते थेंब थेंब भिंतीवर सोडणार.

फालक साहेबांनी परीक्षेचा दिवस ठरवला: चोवीस मे. त्या दिवशी साहेब तालुक्यालाच होते, तापबंदी संपल्यावर येणार. आकडे तारा नोंदवणार, त्यात कुणाला हात घालता येत नाही. अकराला भोंगा झाला तेव्हा बाहेर सेहेचाळीस, आत एकतीस. मित्रा नखं खात बसली होती. सगळं छान चाललं होतं.

साडेअकराला रुबिनाच्या नवऱ्याने तिला धरून आणलं. तारीख जूनची होती, पण कळा आजच सुरू झालेल्या. उपकेंद्राच्या सरोदे सिस्टर मागोमाग, पिशवी घेऊन. "पत्र्याखाली नेलं तर दोघांचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "रुग्णवाहिका मागवली, पण रस्त्यात ट्रक बंद पडलेत, पाचच्या आत येत नाही. ही खोली द्या."

द्या काय! आम्ही खाट मांडली. रुबिना घामाघूम, तरी मला म्हणाली, "मावशी, बोलले होते ना, इथंच."

बारा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली.

पंखा थांबला. पंपही थांबला. ट्रान्सफॉर्मर उडाल्याची बातमी आली, संध्याकाळशिवाय काही नाही. भिंतीवरची ओल दहा मिनिटांत आटायला लागली, मी आतूनच वासावरून ओळखलं. ओल्या भिंतीचा वास निराळा, वाळतीचा निराळा. तारांना त्यांची बॅटरी होती, आकडे दिसत होते. बत्तीस. तेहतीस. बाहेर अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. एक वाजता आत चौतीस झाले.

सिस्टर म्हणाल्या, "याहून वर जायला नको. तिचा रक्तदाब चढतोय."

मी गोणपाट हौदात बुडवलं, डोक्यावरून पाठीवर घेतलं आणि बादली उचलली. मित्रा दारात आडवी आली. "आई, बाहेर अठ्ठेचाळीस आहे. तू एकोणसाठ वर्षांची आहेस. चक्कर येऊन पडशील!"

"पस्तीस झाले तर काय होईल?"

काय होईल ते दोघींना माहीत होतं. तिची वीट जाईल, गावचं प्रसूतिगृह जाईल. आणि आत रुबिना कण्हत होती.

"मग सरक बाजूला," मी म्हटलं. "आयुष्यभर परक्यांच्या भिंतींना पाणी मारलं. आज घरच्या भिंतीला मारू नको म्हणतेस?"

बाहेर पाऊल टाकलं आणि ऊन तोंडावर थोबाडीत बसल्यासारखं बसलं. पहिली बादली पश्चिमेच्या भिंतीवर. सुं! दुसरी. तिसरी. चौथीला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी भिंतीला टेकले. तेवढ्यात शेजारून धपकन पाणी भिंतीवर पडलं. बघते तर मित्रा. डोक्यावर ओलं गोणपाट, हातात बादली, चष्मा घामाने पांढरा. पाणी मारू नये अशी पाटी लिहिणारी माझी पोरगी भिंतीवर पाणी मारत होती.

"आई, वरून मारायचं की खालून?" तिने ओरडून विचारलं.

"वरून! ओघळ खाली आपोआप येतो! आणि एका जागी ओतू नकोस, फिरव!"

मिस्त्री आले. मग ते चार गवंडी, त्यांच्या बायका, घमेली, कळश्या, तपेली घेऊन. तापबंदी मोडून लोक आले हो! दहा दहा मिनिटांच्या पाळ्या मीच लावल्या. दहा मिनिटं झाली की माणूस आत सावलीत, दुसरा बाहेर. कुणी ऐकलं नाही तर माझा आवाज होताच. आतून सिस्टर आकडा ओरडून सांगत होत्या. "चौतीस पूर्णांक पाच! सात! आठ!" आम्ही हात चालवले. "आठच! अजून आठच!" मग बराच वेळ काही नाही. आणि मग सिस्टरचा आवाज आला, "उतरलं! चौतीस! अहो, उतरतंय!"

मी रडत होते की ते गोणपाटाचं पाणी होतं, मलाच कळत नव्हतं. पण मारत राहिले.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी आत साडेएकतीस होते, आणि बाळ रडलं. मुलगी. सव्वादोन किलोची, पण आवाज असा की मिस्त्री म्हणाले, "ही कोकिळेवर गेली." रुबिनाच्या नवऱ्याने हौदाच्या काठावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पाचचा भोंगा झाला आणि थोड्या वेळात फालक साहेबांची गाडी आली. अंगणात चिखल, भिजलेली माणसं, पालथ्या बादल्या. त्यांनी आकडे बघितले, एकदा, दोनदा. "सर्वांत जास्त चौतीस पूर्णांक आठ. पावणेपाच तास वीज नव्हती?"

"नव्हती, साहेब," मित्रा म्हणाली. "पण पंप बंद होता, पाणी माणसांनी मारलं. अटीत ते बसतं की नाही, तुम्ही ठरवा."

साहेबांनी भिंतीवर तळहात ठेवला. ठेवला तो काढेचनात. मग चारी भिंतींभोवती फिरून भेगा शोधल्या. एक सापडेल तर शपथ. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "अटीत कूलर आणि एसी नको असं लिहिलं आहे. बाईंना नको असं कुठे लिहिलेलं नाही." आणि तिथेच, ओल्या भिंतीला कागद टेकवून, सही केली. कागदाचा कोपरा भिजला. गवंड्यांनी अशी आरोळी ठोकली की आतलं बाळ दचकून पुन्हा रडायला लागलं, आणि सिस्टर सगळ्यांवर खेकसल्या.

आता दोन वर्षं झाली त्याला. प्रसूतिगृह उभं आहे, दहा खाटांचं, आणि त्यात एकशे बारा बाळंतपणं झाली आहेत. तालुक्याची गाडी आता आमच्याकडे येते, बाळंतिणींना घेऊन. केळीचा खांब आता बांधावर कुणी टाकत नाही. नांदेडला, वसईला, पार गुजरातेत वखारी निघाल्या. रुबिना इथल्या वखारीची मुख्य आहे, आणि तिची पोर दिवसभर मगाने भिंतीवर पाणी उडवते. तिला कुणी रागवत नाही.

गेल्या आठवड्यात मित्राने मला एक पत्र्याची पाटी दाखवली. विटांच्या प्रत्येक गाडीबरोबर जाणार होती, राज्यभर. छापण्याआधी मी बघावी म्हणून आणली होती. मी चष्मा लावला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: या भिंतीला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे.

मी तिच्याकडे बघितलं. "आणि का मारावं, ते?"

"खाली वाच ना, आई."

खाली बारीक अक्षरांत आठ ओळी होत्या. धागा, नळी, चुना, ओल, ताप, सगळं ओळीने लिहिलेलं, पाणी मारणाऱ्या बाईला कळेल अशा भाषेत. मी सगळं दोनदा वाचलं, मग उठून बादली घेतली. संध्याकाळचं पाणी मारायचं राहिलं होतं.